शंभर टक्के शांतता

एक

दुरुस्तीसाठी लागणारी तार घेऊन ताई कंपनीत परत आली आणि वरच्या मजल्यावर हॉलपाशी थबकली. दाराला बाहेरून कडी होती. गिऱ्हाइकांना स्पीकर ऐकवायचा तो हॉल, दिवसाउजेडी त्याचं दार सताड उघडं असायचं. दाराखालच्या फटीतून अँप्लिफायरचं एक गोल बटण बाहेर आलं होतं. ते तिने उचललं.

तिने कडी काढली. भिंतीचा लोखंडी रॅक आडवा झाला होता, त्यावरचे जडच्या जड अँप्लिफायर जमिनीभर पसरले होते आणि त्या ढिगातून एक हात बाहेर आला होता. हातातलं घड्याळ तिनेच घेऊन दिलेलं होतं.

दादा. तिचा सख्खा थोरला भाऊ. घरात ती दोघंच, तिसरं कुणी नाही. ती ओरडली की नाही हे तिला नंतर काही केल्या आठवेना. एवढं आठवत होतं, की त्याच्या नाकाशी हात धरला तेव्हा हाताला श्वास जाणवला, आणि त्या श्वासाच्या आधारावर ती मदत येईपर्यंत तग धरून राहिली.

कंपनी लहान होती. हेडफोन आणि स्पीकर बाहेरून तयार आणायचे, त्यावर आपलं नाव छापायचं आणि खोक्यावर मोठमोठे शब्द, हा धंदा. डब्याएवढ्या स्पीकरवर 'पाच हजार वॅट', हाताने फिरवताच निखळणाऱ्या बटणावर 'सैनिकी मजबुती', पितळी टोकाच्या वायरीवर 'सोन्याची शुद्धता'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे शब्द लिहिणाऱ्या जाहिरातवाल्याला सगळे कवी म्हणत. माल तपासायचं काम दादाचं. त्याची खूण झाल्याशिवाय एकही खोकं बाहेर जात नसे, आणि म्हणून त्याच्यावर मालकांचा जितका भरवसा तितकाच रागही होता.

नवा माल होता हेडफोनचा. बटण दाबलं की 'शंभर टक्के शांतता'. पत्रे ठोकणाऱ्या एका मोठ्या कारखान्याने कामगारांच्या कानांसाठी ते मागवले होते, आणि दादा आठवडाभर खूण करत नव्हता.

ताईला त्या दिवशी यातलं काही सुचत नव्हतं. तिला कडी दिसत होती, फक्त कडी. रॅक आपोआप पडला असेल, असं जो तो म्हणत होता. पण आत पडलेला माणूस बाहेरून कडी कशी लावेल?

रस्त्यापलीकडच्या टेलरीणबाई सांगत होत्या की आवाज एवढा मोठा झाला, त्यांचा मशीनवरचा पाय थांबला. इमारतीत त्या वेळी कंपनीतले तिघं होते. आणि त्यांच्यातलं एकही माणूस धावून आलं नव्हतं.

दोन

दुसऱ्या दिवशी तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाई बुटक्या, अंगाने भरलेल्या आणि गुडघ्यांनी हैराण होत्या. जिना चढून आल्या आणि मालकांच्या केबिनमध्ये जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात बसल्या. त्यांनी तिघांनाही तिथेच बोलावलं. गुडघे धड असते तर प्रत्येकाला वेगळं गाठलं असतं, असं पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

ताई दाराशी उभी होती. समोरच्या भिंतीवर मालकांचे पाच-सहा मोठे फोटो होते, प्रत्येकात नवीन हेडफोन गळ्यात अडकवलेला आणि चेहऱ्यावर हसू. मालकांचे केस मात्र सगळ्या फोटोंत तसूभरही हललेले नव्हते. तो टोप आहे हे इमारतीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं, पण मालकांसमोर कुणी कंगव्याचंही नाव काढत नसे.

मालक आधी बोलले. त्यांचा आवाज बसला होता, डोळे लाल होते. "मी इथेच होतो, या खुर्चीत. आमचा नवा हेडफोन घालून, बटण दाबून. बाई, तो घातल्यावर शेजारी ढोल बडवला तरी कळत नाही. माझा माणूस पलीकडे मरत होता आणि मला पत्ता नाही." त्यांनी तोंड झाकून घेतलं. ताईलाच त्यांची कीव आली.

मग कवी. अंगाने काडी, बोटाला कायम शाई. त्याची जागा हॉलला लागून, मध्ये नुसती लाकडी फळी. त्याने एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि म्हणाला की त्यानेही तोच हेडफोन लावला होता, लिहिताना लावतोच, आणि त्यालाही काही ऐकू आलं नाही.

तिसरा गोदाम सांभाळणारा. एके काळी कुस्ती खेळायचा, म्हणून पैलवान. तो मागच्या अंगणात ट्रक भरत होता. धडाम आवाज त्याने ऐकला, पण हमालांनीच खोकं पाडलं असं समजून त्यांनाच फैलावर घेतलं. हमालांनी ते छातीला हात लावून सांगितलं. शिव्या त्यांच्या अजून पाठ होत्या.

इन्स्पेक्टरबाईंनी काहीच लिहून घेतलं नाही. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. हॉस्पिटलातून सिस्टर बोलत होत्या. दादाच्या नाकातली ऑक्सिजनची नळी निघालेली सापडली होती. नशीब की त्या वेळेवर खोलीत गेल्या.

"पेशंटने स्वतःच ओढली असेल हो, करतात असं," सिस्टर म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण तुमचा भाऊ तर बोटसुद्धा हलवत नाहीये."

तीन

त्या सकाळी दादाला बघायला तिघंही जाऊन आले होते. आधी पैलवान, मग कवी, मग मालक. तिघंही खोलीत थोडा थोडा वेळ एकटे होते.

म्हणजे ज्याने केलं तो पळून गेला नव्हता. तो येत होता, फळं आणत होता, खांद्यावर हात ठेवून धीर देत होता. दादा जागा झाला तर नाव सांगेल, म्हणून तो दादाला जागं होऊ देणार नव्हता. दादाच्या सोबतीला डबे-पाण्यासकट पाळ्या लावायच्या असं कंपनीतल्यांनीच आपुलकीने ठरवलं होतं. त्या आपुलकीचीच आता तिला धडकी भरली.

ती रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिली. दार कुरकुरलं की दचकायची. पुन्हा पुन्हा मनात एकच हिशेब करायची, तिघांतला कोण?

पैलवानाला तिने आधी सोडलं. अंगणात त्याच्यासोबत हमाल होते. शिवाय त्याच्यावरून तिला दुसरंच आठवलं. नव्या हेडफोनचा एक जोड पैलवानाने कधीच पळवला होता. जेवण झालं की तो कानाला लावून गोदामात घोरायचा, आणि चहाच्या कपांचा किणकिणाट झाला की सगळ्यांच्या आधी उठायचा. त्यावरून त्याची किती थट्टा व्हायची. पैलवान म्हणायचा, पंख्याची घरघर जाते बघा, पण चहा जात नाही.

ताई ताठ बसली. दुरुस्तीच्या टेबलावर तिने स्वतः ते हेडफोन डझनांनी उघडले होते. आतली कारागिरी खोटी नव्हती. एकसुरी घरघर ते खरंच मारून टाकत: पंखा, इंजिन, एसी. पण अचानक झालेला आवाज, कुणाची हाक, काही आदळणं, हे त्यातून सरळ आत येई. दादा आठवडाभर हेच तर मोजत होता. घणाचा दणका कानात जाणारच होता, आणि खोक्यावर विश्वास ठेवणारा कामगार स्वतःचे कानातले जुने बोळे काढून फेकणार होता.

मग रस्त्यापलीकडे ऐकू गेलेला दणका फळीच्या अलीकडे बसलेल्या कवीला कसा ऐकू आला नाही?

कवी तो हेडफोन रोज लावायचा. त्यातून काय ऐकू येतं हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. तरी तो पोलिसांसमोर खोटं बोलला. जाणूनबुजून. मालकांनीही तेच सांगितलं होतं, पण रडून लाल झालेले त्यांचे डोळे तिने पाहिले होते; त्यांच्यावर तिला शंकाच आली नाही.

उजाडल्यावर तिने इन्स्पेक्टरबाईंना फोन केला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो हेडफोन मला दाखवाल? आणि कवीला मी गाठते, तुम्ही एकट्या जाऊ नका." संध्याकाळपासून खोलीशी शिपाई बसेल, तोवर भरवशाचं कुणीतरी सोबत ठेवा, असंही त्या म्हणाल्या.

भरवशाचं कोण? तेवढ्यात मालक दारात येऊन उभे राहिले. ताईने त्यांच्या हातात दादाचा हात दिला आणि म्हणाली, "मालक, मी येईपर्यंत याला सोडून कुठे जाऊ नका."

"जा तू पोरी," मालक म्हणाले. "मी हलत नाही."

चार

कंपनीत तिने हेडफोनचा एक जोड पिशवीत टाकला आणि वळली, तर कवी तिच्या आणि दाराच्या मध्ये उभा होता.

जिन्यावर कुणाची चाहूल नव्हती. ती टेबलाच्या पलीकडे सरकली आणि हाताशी आलेला पेचकस तिने घट्ट धरला. कवीचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "सगळं ऐकलं होतं."

त्याने तुटक तुटक सांगितलं ते असं. हॉलमध्ये आवाज चढले होते. ते अधूनमधून होतंच, म्हणून तो लिहीत राहिला. मग दणका झाला. आधी त्याला वाटलं पैलवानाची माणसं. मग कडी सरकल्याचा आवाज आला आणि घाईची पावलं दूर गेली. त्याला भीती वाटली. उठायला हवं होतं, तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मालक बोलून गेले की या हेडफोनमधून ढोलसुद्धा ऐकू येत नाही. आता त्यानेही तोच लावलेला. मी ऐकलं म्हणावं, तर पोलिसांदेखत मालक खोटे ठरतात, त्याने स्वतः लिहिलेलं खोकं खोटं ठरतं, आणि नोकरी जाते ती वेगळीच. घरी चार तोंडं. तोंडातून निघून गेलं की काही ऐकलं नाही. एकदा खोटं बोललं की त्याला पाय फुटतात, मग ते आपल्याला हवं तिथे थांबत नाही.

ताईचा विश्वास बसेना. तिने एवढंच विचारलं, की दणक्याआधी दादा काय म्हणत होता?

"म्हणत होते, 'एकदा कानाला लावून बघा आणि मग बोला.' दोनतीनदा म्हणाले."

पेचकस तिच्या हातातून खाली पडला. एकदा कानाला लावून बघा. हे कवीला सांगायची गरज नव्हती, पैलवानाला नव्हती, तिला नव्हती. सगळ्या इमारतीने ते हेडफोन लावून पाहिले होते. आयुष्यात कधी न लावलेला एकच माणूस होता. फोटोतही तो ते गळ्यातच घालायचा, कारण डोक्यावरून घ्यायचे तर टोप सरकला असता.

त्याला खरंच वाटत होतं की ढोल ऐकू येत नाही. ज्याने एकदा, क्षणभर जरी कानाला लावला असता, त्याने असली बतावणी चुकूनही केली नसती. कवी खोटं बोलला कारण त्याला माहीत होतं. मालक खोटं बोलले कारण त्यांना माहीतच नव्हतं.

आणि दादाचा हात तिने स्वतःच्या हाताने मालकांच्या हातात दिला होता.

पाच

रस्त्यात तिने इन्स्पेक्टरबाईंना फोन लावला, काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही. हॉस्पिटलचा जिना ती धावत चढली. प्रत्येक पायरीवर वाटत होतं, आपण उशीर केला, आपणच त्याला मारलं.

खोलीचं दार लोटलेलं होतं. पडदा ओढलेला. सिस्टरांना बोलवायच्या घंटीची वायर पलंगावरून खाली सोडलेली होती, पोचणार नाही अशी. मालक पलंगाला टेकून उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत उशी होती.

"डोकं खाली गेलं होतं त्याचं," मालक म्हणाले. "सारखी करत होतो."

ताईने दादाच्या छातीकडे पाहिलं. पांघरूण वर झालं, खाली झालं. किंचाळावंसं वाटत होतं. पण खोलीत ती, बेशुद्ध भाऊ आणि हा एवढा धिप्पाड माणूस, आणि मधे कुणी नाही. तिने हसायचा प्रयत्न केला. जमला नसणार. "द्या मालक, मी ठेवते," असं म्हणून तिने उशी घेतली आणि ती छातीशी धरून पलंग आणि मालक यांच्या मधे उभी राहिली. मग काहीबाही बोलत सुटली: चहा घेतलात का, डॉक्टर आले होते का, एसी फार घरघरतो नाही. मालक तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांना कळत चाललं होतं.

बाहेर चपला फरफटल्याचा आवाज आला. इन्स्पेक्टरबाई धापा टाकत आत शिरल्या, मागे एक शिपाई. त्या आधी खुर्चीत बसल्या, गुडघे चोळले आणि मग अगदी घरगुती सुरात बोलल्या.

"मालक, बरं झालं भेटलात. एक शंका तेवढी दूर करा, म्हणजे मी मोकळी. तुम्ही म्हणालात हेडफोन लावला की ढोल ऐकू येत नाही. लावून दाखवता? मी हा टेबलावरचा स्टीलचा ट्रे तुमच्या मागे आपटते. नाही ऐकू आला तर तुमची गोष्ट खरी."

ताईने पिशवीतला जोड पुढे केला. मालकांचा हात आपोआप केसांकडे गेला. पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि भीतीही नव्हती. त्यांच्या खोक्यावरच्या शब्दावर त्यांचा पुरता विश्वास होता. त्यांनी जपून, दोन्ही हातांनी हेडफोन चढवला, बटण दाबलं. एसीची घरघर गेली असणार, कारण त्यांचा चेहरा सैल झाला. ते बाईंच्या हातातल्या ट्रेकडे बघत उभे राहिले, काहीही झालं तरी पापणी हलवायची नाही अशा तयारीने.

बाईंनी ट्रे आपटला नाही. मांडीवर ठेवून दिला आणि ताईकडे पाहिलं.

ताई मालकांच्या पाठीमागे होती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मालक, दादाने डोळे उघडले."

मालक गर्रकन वळले. इतक्या जोरात, की टोप तिरका झाला. पलंगाकडे बघताना त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता. दादाचे डोळे मिटलेलेच होते. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग कानावरचा हेडफोन असा चाचपला जणू आत्ताच डोक्यावर काही येऊन बसलंय.

"ऐकू येतं," ते म्हणाले. स्वतःशीच. "सगळं ऐकू येतं."

मग त्यांना बसवावं लागलं, आणि ते सगळं सांगू लागले. दादाने त्या दिवशी कारखान्याला फोन करणार असं सांगितलं होतं. मालक आकडे कधीच ऐकून घेत नसत, म्हणून त्याने हेडफोनच पुढे केला आणि हट्टाने त्यांच्या डोक्यावर ठेवायला गेला. टोप हातात आला. मालकांनी ढकललं. मारायचं नव्हतं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण रॅक पडल्यावर त्यांनी टोप उचलला, कडी लावली आणि केबिनमध्ये जाऊन बसले. त्याच्यापुढचं सगळं त्या कडीपासून सुरू झालं.

"आणि नळी?" बाईंनी विचारलं.

मालक तिरका झालेला टोप सरळ करत राहिले.

सहा

दादा पुढच्या आठवड्यात शुद्धीवर आला. आधी बोटं हलली, मग पापण्या, मग एका दुपारी त्याने पाणी मागितलं. ताईने कारखान्याला सगळं कळवलं होतं, माल गोदामातच पडून होता. कवीने नोकरी सोडली होती आणि पोलिसांना खरं काय ते सांगितलं होतं. हे सगळं तिने दादाला हळूहळू सांगितलं. मालक कोठडीत होते, त्यांचं नाव मात्र घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्याला धक्का देऊ नका, पडल्याचं त्याला आठवायचंही नाही.

दादा छताकडे बघत ऐकत होता. तिचं बोलून झालं. मग म्हणाला, "पडल्याचं नाही आठवत. पण इथलं आठवतं."

"इथलं काय?"

"डोळे उघडत नव्हते गं. हात हलत नव्हता. ऐकू मात्र यायचं. मालक यायचे ना, ते ऐकलंय मी." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "माझा हात हातात घेऊन रडायचे. आणि रडत रडत म्हणायचे, उठू नकोस. तुझ्या पाया पडतो, उठू नकोस. मी पडल्या पडल्या विचार करायचो, हे मलाच म्हणताहेत का."

ताईने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, खुर्ची उचलली आणि दाराला पाठ लावून बसली.